उष्ण की गरम? ठाण्यातल्या एका चेहऱ्याची केस

मी आहारतज्ज्ञ. नौपाड्यातल्या माझ्या खोलीत लोक येतात ते वजन, शुगर नाहीतर थायरॉइड घेऊन. चेहरा घेऊन सहसा कोणी येत नाही. २०२४च्या फेब्रुवारीत ताई आल्या त्या मात्र खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या, "मॅडम, मला उष्णतेचं पथ्य लिहून द्या. काय खायचं नाही तेवढं सांगा, मी पाळते."

त्या पाळतील याबद्दल शंकाच नव्हती. पुढे तीच अडचण झाली.

वय ४६. रबाळ्याला एमआयडीसीतल्या एका कंपनीत अकाउंट्स बघतात. रोज सकाळी ठाणे स्टेशनचा नऊ-दहा नंबर फलाट, नवी मुंबईकडे जाणारी ट्रान्सहार्बरची लोकल, संध्याकाळी त्याच गाडीने परत. घर जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. घरात सासूबाई, नवरा आणि इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेला मुलगा. हे लिहायला त्यांची परवानगी आहे, आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

चेहऱ्याचा त्रास चार वर्षांचा. आधी गाल आणि नाक तापल्यासारखं व्हायचं, तासाभरात उतरायचं. मग उतरेनासं झालं. मग बारीक पुळ्या यायला लागल्या, गालांवर, हनुवटीवर, कपाळाच्या मधोमध. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली. पंधरा दिवसांत चेहरा, त्यांच्याच शब्दांत, "काचेसारखा" झाला. ट्यूब संपली की आग परत यायची, म्हणून नवी ट्यूब आणायची. असे चौदा महिने गेले. ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. मार्च २०१८मध्ये केंद्र सरकारने अशी चौदा स्टेरॉइडं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे ही मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. कागदावर येत नाहीत. काउंटरवर काय चालतं ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेल्या तेव्हा नाव कळलं, रोझेशिया, म्हणजे चेहऱ्यावर लाली, आग आणि पुळ्या आणणारा कातडीचा जुनाट आजार, आणि त्यावर स्टेरॉइडने करून ठेवलेलं नुकसान. ट्यूब बंद झाल्यावरचे दोन महिने फार वाईट गेले. स्टेरॉइड थांबलं की दबलेली आग दुपटीने वर येते. त्या काळात ऑफिसात त्या दिवसभर मास्क लावून बसत.

रोझेशियाला मराठीत रूढ शब्द नाही. त्याचं एक कारण असं की हा गोऱ्या कातडीचा आजार म्हणून पुस्तकात शिकवला गेला. गोऱ्या गालावर लाली लांबून दिसते. आपल्या सावळ्या-गव्हाळ रंगावर ती मातकट, काळपट डागासारखी दिसते, किंवा दिसतच नाही. मग चाळिशीतल्या बाईला "पिंपल्स" आले म्हणून पिंपल्सची औषधं लावली जातात आणि कातडी आणखी चिडते. फरक ओळखायची एक साधी खूण आहे. मुरमांमध्ये काळे-पांढरे दाणे असतात, ज्यांना ब्लॅकहेड-व्हाइटहेड म्हणतो ते. रोझेशियाच्या पुळ्यांबरोबर ते नसतात. आणि दुसरी खूण आपल्याकडे जास्त उपयोगी: आग. ताईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "मिरच्या चिरलेला हात चेहऱ्याला लागावा ना, तसं." मी ते केसपेपरवर लिहून घेतलं आणि विसरले.

आता माझी चूक. मी त्यांना यादी दिली. तिखट बंद, टोमॅटो बंद, लिंबू-संत्रं बंद, वांगं बंद, दही आणि चीज बंद, अंडं बंद, चहा-कॉफी बंद, चॉकलेट बंद, दालचिनी म्हणून गोडा मसाला बंद, शेंगदाणे बंद. रोझेशियाच्या रुग्णांना जे जे कधी ना कधी बाधल्याचं नोंदलं गेलंय ते सगळं मी एका पानावर उतरवलं होतं. शंभर जणांच्या तक्रारी एका बाईच्या ताटावर लादल्या, असं आज म्हणेन. घरी सासूबाईंनी त्यात आपली भर घातली: गूळ उष्ण, पपई उष्ण, तीळ उष्ण, बाजरी उष्ण, आंबा तर विचारूच नका. सकाळी सब्जा, रात्री गुलकंद. सब्जा-गुलकंदाने काही बिघडत नाही. पण ताटात उरलं काय? दुधी, मुगाची खिचडी, पोळी, काकडी.

सहा आठवड्यांनी ताई परत आल्या. वजन चार किलोने उतरलेलं. हिमोग्लोबिन आधीच १०.४ होतं, ते ९.६ वर. पाळीला रक्तस्राव जास्त जायचा, त्यात ही उपासमार. आणि चेहरा? तसाच. सकाळी तर जास्तच. "माझं कुठे चुकतंय मॅडम?" त्यांनी विचारलं. त्यांचं काहीच चुकत नव्हतं. मी यादीतली अर्धी नावं खोडली, डॉक्टरांकडून लोहाच्या गोळ्या सुरू करून घेतल्या, आणि खरं सांगायचं तर पुढे काय करायचं ते मला सुचत नव्हतं.

उत्तर मिळालं मे महिन्यात, तेही माहेरहून.

ताईंचं माहेर गुहागरजवळ. भाच्याच्या मुंजीसाठी नऊ दिवस गेल्या होत्या. परत आल्यावर अपराध्यासारखा चेहरा करून म्हणाल्या, "मी सगळं मोडलं. रोज आमरस. फणसाची भाजी, गरे. भावाने सुरमई आणली तीही खाल्ली, तिखट." मी विचारलं, चेहरा? त्या थांबल्या. म्हणाल्या, "हो की. चेहरा चांगला होता. एक दिवस सोडून."

त्या एका दिवसावर आम्ही अर्धा तास बोललो. त्या दिवशी वेगळं काय खाल्लं? काही नाही, तेच. ऊन? घरातच होत्या. मग हळूहळू आठवलं. मागच्या पडवीत चुलीवर आंब्याचा मावा आटवायला घेतला होता. वहिनीचा हात दुखत होता म्हणून ताई उलथनं घेऊन बसल्या. मावा आटत आला की सोडून उठता येत नाही, बुडाला लागतो. शिवाय रस रटरटून अंगावर उडतो म्हणून तोंड पुढे काढून, डोळे बारीक करून, ढवळत राहावं लागतं. दोन तास. संध्याकाळी गाल असे पेटले की ओला पंचा चेहऱ्यावर टाकून पडून राहिल्या.

नऊ दिवस आंबा पोटात गेला आणि काही झालं नाही. एक दिवस आंब्याच्या कढईपुढे बसल्या आणि झालं.

आपल्या भाषेत दोन शब्द आहेत, उष्ण आणि गरम. आंबा उष्ण, तो फ्रीजमधून काढून खाल्ला तरी उष्णच. चहा गरम, तो निवला की गार. दोन्ही शब्द आपण दिवसभर वापरतो, कधी घोटाळा होत नाही. पण चेहऱ्याच्या आगीचं बोलणं निघालं की घरातली सगळी माणसं, आणि मी सुद्धा, फक्त पहिल्या शब्दाच्या मागे लागलो होतो. पदार्थाच्या गुणाची चौकशी झाली. तापमानाची कोणी केलीच नाही.

वास्तविक हे जुनं आहे. १९८१ साली जोनाथन विल्किन या अमेरिकन डॉक्टरांनी रोझेशियाच्या रुग्णांना ६० अंशांची गरम कॉफी दिली, ६० अंशांचं नुसतं गरम पाणी दिलं, २२ अंशांची गार कॉफी दिली आणि २०० मिलिग्रॅम कॅफीन वेगळं दिलं. गरम कॉफीने आणि गरम पाण्याने चेहरे लाल झाले. गार कॉफीने आणि नुसत्या कॅफीनने नाही. पुढे २०१८मध्ये अमेरिकेतल्या ८२,७३७ परिचारिकांच्या नोंदींवरून निघालं की भरपूर कॉफी पिणाऱ्या बायकांमध्ये रोझेशिया उलट कमी आढळला. मी मात्र ताईंचा चहाच बंद करून टाकला होता.

आणि तो "मिरच्या चिरलेला हात"? आपल्या मज्जातंतूंच्या टोकांवर टीआरपीव्ही१ नावाचा एक ग्राहक (रिसेप्टर) असतो, म्हणजे तापमान टिपणारा एक दरवाजा, साधारण ४३ अंशांना उघडणारा. मिरचीतलं कॅप्सेसिन नेमका हाच दरवाजा उघडतं, म्हणून मिरची "भाजते". हा ग्राहक शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१च्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. रोझेशियाच्या कातडीत ही यंत्रणा फार हळवी झालेली असते. त्यामुळे गॅसची धग आणि ठेचा या दोन गोष्टी ताईंच्या गालाला खरोखरच एकसारख्या लागत होत्या. त्यांनी दिलेली उपमा म्हणजे जवळजवळ निदानच होतं, आणि ते माझ्या केसपेपरवर तीन महिने पडून होतं.

जूनपासून आम्ही वही सुरू केली. साधी शंभरपानी. वेळ, काय केलं, काय खाल्लं, ते किती गरम होतं, आणि आग दहापैकी किती. अॅप वगैरे सुचवून पाहिलं होतं, पण वही ओट्यावर राहते, फोन पर्समध्ये. त्यातली ही दोन पानं, त्यांच्याच शब्दांत:

"मंगळवार. ५.५० ते ६.४० पोळ्या २२, भाजी, कुकर. ६.४५ आग ६. चहा उभ्यानेच, उकळता. आग ७. गाडीत ४. ऑफिसात एसीत तासाभराने १. डब्यात टोमॅटोचं सार, गार. काही नाही."

"रविवार. इडल्या बाहेरून आणल्या. चहा यांनी केला, पेपर वाचत प्यायले, गार झाला. आग १. दही खाल्लं. १."

अशी तीन आठवड्यांची पानं समोर ठेवल्यावर मला सांगायला काही उरलं नाही. ताईंनीच बोट ठेवलं: "हे सगळं ओट्यापाशीच होतंय."

मी माझा स्वयंपाकघरातला थर्मामीटर त्यांना दिला. आधी चहा. पातेल्यातून कपात गाळला तेव्हा ८१. दहा मिनिटांनी ६२. मग सासूबाईंनी नेहमीप्रमाणे बशीत ओतला, त्यातही काडी घालून पाहिली: दोन मिनिटांत ५०. सासूबाई सत्तर वर्षं बशीतून चहा पितात आणि सुनेला ते ऑफिसातल्या माणसांसमोर बरं दिसत नाही असं वाटायचं. आता घरी तरी ताई बशीनेच पितात. चहा दोन वेळचा, साखर-दुधासकट, पूर्ववत. आग नाही. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत आवडलेला उपाय हाच.

मग ओटा. थर्मामीटर चेहऱ्याच्या उंचीवर धरून पाहिला तर तव्यासमोर ४१ आणि त्याच वेळी हॉलमध्ये ३१. स्वयंपाकघर पूर्वेचं, सकाळचं ऊन थेट खिडकीतून आत. पंखा होता, पण लावत नसत. पंखा लावला की गॅस फडफडतो, आच तव्याखालून निसटते, पोळी वातड होते. ठाण्यातल्या निम्म्या स्वयंपाकघरांत याच कारणाने पंखा बंद असतो आणि पोळ्या करणारी बाई घामाने निथळत उभी असते. त्यात पोळी फुगली की दाबायची, वाफ थेट नाकावर. कुकरचं झाकण काढलं की पुन्हा.

मी विचारलं, सकाळच्या पोळ्या आणखी कोणी करू शकेल का?

ताई हसल्या. वाईट हसल्या. त्यांना एवढे पदार्थ सोडायला सांगितलं होतं तेव्हा घरातलं एकही माणूस काही बोललं नव्हतं, उलट सगळे मदतीला होते, कोण सब्जा भिजवतंय, कोण आठवण करून देतंय. ओटा सोडायचा म्हटल्यावर घरात तीन दिवस तणाव. गोखले रोडच्या आसपास पोळी-भाजी केंद्रांची काय वाण आहे? पण घरच्यांचा प्रश्न, "घरात बाई असताना विकतच्या पोळ्या?" नवऱ्याचं म्हणणं, क्रीम बदलून बघू. मी ताईंबरोबर नवऱ्यालाही क्लिनिकमध्ये बोलावलं आणि वही त्यांच्यापुढे ठेवली. उपदेश केला नाही. ताईंच्या नवऱ्याने पानं उलटली, मंगळवार, बुधवार, गुरुवार, प्रत्येक सकाळी सहा-सात. म्हणाले, "रोज?" चार वर्षं एका घरात राहून त्यांना ते माहीत नव्हतं, कारण सावळ्या गालावर दिसत नव्हतं.

तडजोड झाली ती अशी. रात्रीच्या पोळ्या केंद्रातून. सकाळच्या बारा, त्याही इंडक्शनवर, कारण इंडक्शनला ज्योत नाही, धग कमी आणि पंखा खुशाल लावता येतो. कणीक नवरा भिजवतो, कुकर मुलगा उघडतो. इंडक्शनवर फुलका थेट भाजता येत नाही पण घडीची पोळी उत्तम होते. सासूबाईंच्या मते तिला गॅसवरची चव नाही. असेल.

दोन आठवड्यांत सकाळची आग ६-७ वरून २-३ वर आली. चेहऱ्यावरून गरम पाणी घेणं बंद केलं, अंघोळ कोमट. पार्लरमधलं वाफेचं फेशियल बंद, बेसन-हळद-लिंबाचा लेपही बंद, लिंबू चिडलेल्या कातडीला झोंबतंच. उन्हासाठी झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन आणि छत्री. स्कूटरवरच्या मुली बांधतात तसा चेहऱ्याभोवती घट्ट स्कार्फ त्यांनी बांधून पाहिला, पण आत श्वासाची वाफ कोंडते आणि कापड घासतं, सोडून दिला. गाडीत दाराजवळची हवा मिळावी म्हणून सात-वीसच्या ऐवजी सहा-पन्नास धरतात.

जुलैत एकदा सगळं उधळलं. वही म्हणते: "सर्दी. वाफारा घेतला. आग ९. रात्रभर." डोक्यावरून टॉवेल, खाली उकळत्या पाण्याचं भांडं. मला आधी सांगायला हवं होतं. पावसाळ्यात महाराष्ट्रातलं कुठलं घर वाफारा घेत नाही? आता सर्दीला मिठाच्या पाण्याचा नाकात फवारा.

औषधांबद्दल थोडक्यात, कारण ते माझं क्षेत्र नाही. त्वचारोगतज्ज्ञांनी रात्री आयव्हरमेक्टिनचं क्रीम आणि काही आठवडे कमी मात्रेत डॉक्सिसायक्लीन दिलं होतं. पुळ्या गेल्या त्या यानेच, कोणत्याही पथ्याने नाही, हे स्पष्ट लिहिलेलं बरं. पण इथे एक गफलत वहीतच सापडली. ताई डॉक्सिसायक्लीन आणि लोहाची गोळी एकदमच घेत होत्या, "लक्षात राहावं म्हणून". लोह त्या औषधाला पोटातच धरून ठेवतं, दोन्ही नीट शोषली जात नाहीत. दूध आणि कॅल्शियमचंही तेच. डॉक्टरांशी बोलून आम्ही अंतर ठेवलं, डॉक्सिसायक्लीन सकाळी भरपूर पाण्याबरोबर आणि लगेच आडवं न होता, लोह रात्री लिंबूपाण्याबरोबर. संध्याकाळी डोळ्यांत कचरा गेल्यासारखं वाटतं हे त्या कॉम्प्युटरवर ढकलत होत्या. रोझेशिया डोळ्यांतही उतरतो, म्हणून नेत्रतज्ज्ञांकडे पाठवलं. रात्री अंग तापून जाग येते ती पाळी जाण्याच्या वयाची लक्षणं निघाली. ते स्त्रीरोगतज्ज्ञ बघत आहेत.

ऑगस्टपासून यादीतले पदार्थ, आधीच परत आलेले सुद्धा, एकेक करून तपासले. एका वेळी एकच, तीन दिवस, आणि मुद्दाम कोमट करून, म्हणजे गरमपणाचा दोष पदार्थावर जाऊ नये. टोमॅटो: काही नाही. दही, अंडं, शेंगदाणे, वांगं: काही नाही. गोड्या मसाल्यातली दालचिनी: आमटीत पडते तेवढ्याने काही नाही. दिवाळीतलं चॉकलेट: काही नाही. हिरव्या मिरचीचा ठेचा: आग ५, तीनही वेळा. लाल तिखट बेताचं असलं तर चालतं. म्हणजे माझ्या अख्ख्या यादीतून या एका बाईसाठी खरी निघाली ती एक ओळ. दुसऱ्या कोणाच्या वहीत टोमॅटो निघेल, दारू निघेल. ताईंच्या बाबतीत दारूचा प्रश्नच नव्हता.

जानेवारी २०२५मध्ये शेवटच्या भेटीला वजन परत जागेवर, हिमोग्लोबिन ११.८. पुळ्या नाहीत. नाकाच्या बाजूच्या बारीक शिरा तशाच आहेत, त्या आहाराने जाणार नाहीत, लेझरने जातील. सध्या त्यांना तो खर्च करायचा नाही. एप्रिलच्या उकाड्यात आणि ऑक्टोबरात त्रास वाढणार हे धरून चाललो आहोत. वही अजून चालू आहे, रोज नाही, काही वेगळं घडलं तर. शेवटचं पान त्यांनी मला दाखवलं:

"शनिवार. मुलगा मामलेदारला मिसळ खायला घेऊन गेला. कमी तिखट सांगितली. निवेपर्यंत थांबले, तोवर त्याच्या दोन झाल्या. आग ३. तासात गेली. पुन्हा जाणार."